सशांचं अंथरूण

हीरालाल शेटजींना दाणा चावून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. खापर गावच्या बाजारात गहू येवो की हरभरा, एक दाणा त्यांच्या दाताखाली गेला की माल किती उन्हात वाळलाय, हे ते डोळे मिटून सांगत. त्यामुळे लहरीच्या मामानं सुरतेहून दोन पांढरे ससे पाठवले आणि ते काय खातात हे कळवायला तो साफ विसरला, तेव्हा शेटजी मुळीच डगमगले नाहीत.

"त्यामा काय शे? पोट ते पोट, दाना तो दाना," ते म्हणाले.

लहरी त्यांची एकुलती एक लेक, आठ वर्षांची. आईचा चेहरा तिला आठवतही नव्हता. तिला वाढवलं ते शेटजींच्या थोरल्या विधवा बहिणीनं, तीजाबाईंनी; या आत्याला ती भुवा म्हणे. आश्विनात पोरीला हिवताप आला, आणि गेला तो तिची भूक घेऊन गेला. कोयनेलच्या कडू गोळ्यांनी तोंडाची चव अशी गेली की ताट दिसलं की ती भिंतीकडे तोंड फिरवी. वैद्य म्हणाले, "ताप उतरला. आता पोर खाईल तर उठेल." त्यातलं ते 'खाईल तर' शेटजींच्या काळजात रुतून बसलं.

ससे आले त्या दिवशी लहरी पहिल्यांदा आपणहून उठून बसली. "ह्या खातीन तर मी खासू," तिनं जाहीर केलं. शेटजी आनंदानं दुकानाकडे धावले.

आधी भिजवलेले हरभरे आले. सशांनी हुंगले आणि डोळे मिटले. मग गहू आला, मग फोडलेले बदाम आले. प्रत्येक जिन्नस शेटजी आधी स्वतः चावून पाहत होते, कारण न चाखलेला माल त्यांनी जन्मात कुणाला दिला नव्हता. बदाम तर त्यांना इतके आवडले की सशांच्या वाट्याला दोनच उरले.

"मुळा, गाजर द्या ना," शेजारच्या मंगलाबाईंनी सुचवलं.

"जमिनखालनं आपन खातस नही, मंग त्यास्ले कसाले?" तीजाबाई म्हणाल्या. हिरवा पालाही बाद झाला, कारण चातुर्मास संपायला अवकाश होता आणि या जैन घरात तोवर हिरवं पान तुटत नसे.

शेवटी शेटजींनी गव्हाचा कोंडा, हरभऱ्याची चुणी आणि गूळ कालवून बारीक बारीक गोळ्या वळल्या आणि उन्हात वाळवल्या. चव बरी होती. पण लहरीनं वाटीत डोकावून पाहिलं आणि ती किंचाळली, "त्यास्ले बी कोयनेल? नही, मी नही खासू!" एका गोळीत दोन ससे आणि एक लेक हातची गेली.

दिवसभर ससे ओसरीच्या कोपऱ्यात खजुरीच्या चटईवर मुटकुळं करून पडलेले असत. उन्हं कलली की त्यांचे कान उभे राहत, नाकं हलू लागत, आणि नेमक्या त्या वेळी तीजाबाई येऊन वाट्या उचलून नेत. "ह्या घरमा दिन बुडावर कोन्ही तोंड हलाडत नही," त्या म्हणत. चाळीस वर्षांत त्यांनी दिवा लागल्यावर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पोराबाळांना यात सूट असते, असं कुणी म्हणालंच तर त्या ऐकू न आल्यासारखं करत.

तिसऱ्या दिवशी मंगलाबाईंनी भरल्या वाट्या आणि मिटलेले डोळे पाहून हात जोडले. "तीजाबाई, तुमना घरना जनावर बी तपस्वी निंघनात!" दुपारपर्यंत गल्लीतल्या सात-आठ बायका दर्शनाला येऊन गेल्या. एकीनं तर सशांपुढे अक्षता वाहिल्या. तीजाबाई वरवर नको नको म्हणत होत्या, पण पदर सारखा सावरत होत्या.

हे सगळं खाटेवरून लहरी ऐकत होती. संध्याकाळी तिनं दुधाचा पेलाही दूर सारला. "ससा उपास करतस. मी बी करसू."

आता मात्र तीजाबाईंचा चेहरा उतरला. उपासाला नको म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवलीबाई आली. सातपुड्यातून वाळल्या गवताचे भारे आणणारी ही बाई दर बाजारी शेटजींच्या गाईसाठी एक भारा टाकून जाई. शेटजींनी सवयीनं एक काडी उपसली आणि चावली. दिवलीबाई हसू लागली.

"शेट, गाईले काही ठेवशात का?"

मग तिला ओसरीवरचे ससे दिसले. ती खाली बसली आणि तिनं चटई उचलून धरली. एक पूर्ण कड कुरतडून गायब झाली होती.

"कोन म्हनस ह्यास्ना उपास शे? चटई खाई गयात बिचारा! ह्यास्ले हाई सुकं गवत द्या. कव्हय उठतस ह्या?"

"दिन बुडता," शेटजी म्हणाले.

"मंग तव्हयच खातीन. रानना ससा दिनमा झोपस, सांजले चरस."

शेटजींनी बहिणीकडे पाहिलं. "मन्हा हातथीन ते व्हवाव नही," एवढंच बोलून तीजाबाई आत निघून गेल्या. शेटजींना राग आला आणि वाईटही वाटलं. एकीकडे लेक होती आणि दुसरीकडे जिनं त्या लेकीला हाडामांसाची केली तिचं चाळीस वर्षांचं व्रत होतं. त्या दिवशी त्यांनाही अन्न गोड लागलं नाही.

दिवस मावळला. तीजाबाई बाहेर आल्या, त्या कवेत गवत घेऊन. त्यांनी ते कोपऱ्यात नीट पसरलं, हातानं थोपटलं आणि कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, "थंडी पडी ऱ्हायनी. मुका जीव शेतस. मी त्यास्ले आंथरून टाकं. आंथरूनले कोन तोंड लावस, ते मी काय दखू?"

ससे अंथरुणावर तुटून पडले. घरभर कुरकुर आवाज सुरू झाला. लहरी टाळ्या वाजवत ओरडली, "भुवा, त्या खाई ऱ्हायनात! माले भूक लागनी!"

तीजाबाईंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर चांगलं अंधारून आलं होतं. मग त्या आत गेल्या आणि त्या घरात कधी नव्हे ती चूल दिवेलागणीनंतर पेटली. थोड्या वेळानं तूप घातलेली मुगाची खिचडी आली. "हाई औषध शे," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "औषध गरमच लेवानं ऱ्हास."

लहरीनं दोनदा औषध मागून घेतलं. शेटजींचे डोळे भरून आले. बहिणीच्या पाया पडावं असं त्यांना वाटलं, पण तेवढ्यात तुपाचा वास नाकात शिरला.

"जीजी, माले बी जरासं कसंतरी व्हई ऱ्हायनं," ते चाचरत म्हणाले.

तीजाबाईंनी भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुन्हं आंथरून आत टाकेल शे. जाय."

शेटजी मोठ्या आशेनं आत गेले. आत खरोखरच अंथरूण घातलेलं होतं.