देवाने न पाहिलेलं तळं

"सातबारो दाखवा! एक पात जरी तोडशात, तर बाराय कोयते तळ्यात बुडयतलंय!"

दाजी कंबरभर पाण्यात उभा राहून ओरडत होता. तो आवाज मालवणच्या मासळीबाजारात पोचला आणि मेलेली सुरमई टोपलीतून उडी मारून समुद्राकडे पळाली. ज्याला पटत नसेल त्याने सुरमईला विचारावं. काठावर आम्ही बारा जण कोयते घेऊन उभे. त्यात गावच्या शाळेचा मास्तर, म्हणजे मीही होतो.

सातबारा हे आमच्या या शेजाऱ्याचं ब्रह्मास्त्र. माडावर बसलेल्या कावळ्याकडे तो सातबारा मागायचा. एका जावयाकडे त्याने भर मांडवात मागितला होता. एकदा आभाळ भरून आलं तर वर बघून म्हणाला, "खंयच्या गट नंबरात पडतलंस ता सांग, मगेच पड!" पाऊस घाबरून आंबोलीला जाऊन पडला.

त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा नवा नवा झाला होता आणि नव्या साहेबांना उद्घाटनांची भारी हौस होती. आमच्या तळ्याला सिमेंटच्या पायऱ्या बांधून झाल्या. साहेब यायचे ठरले. पण समोर पाणकणसाचं रान! पुरुषापेक्षा उंच पाती, वर काकडीएवढी तपकिरी कणसं, बुडाशी लव्हाळा. त्यातून साहेबांना पायऱ्या दिसणार कशा? कापायचं ठरलं आणि रीतीप्रमाणे देवाचा कौल घेतला. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली होती.

"दाजी, भायर ये!" सरपंच ओरडले. "देवान उजवो दिल्यान हा!"

"देवळाचा दार उगवतीक, तळा मावळतीक!" दाजी पाण्यातून गरजला. "देवान ह्या तळा जल्मात बघूक नाय. न बघता खंयचो कौल देता तो? आधी देवाक तळा दाखवा!"

मुद्दा बिनतोड होता. मानकरी दोन तास भांडले. तोवर दाजी पाण्यातच. एक बेडूक त्याच्या खांद्यावर बसून त्याला मुद्दे पुरवत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शेवटी पालखी काढायची का, म्हणून देवालाच विचारलं. त्याने झटकन उजवी पाकळी टाकली. वर्षानुवर्षं एकाच दिशेला बघून तोही कंटाळला असावा.

पालखी तळ्यावर आली. ती कुठे ठेवायची ते दाजीनेच दाखवलं. गुरवाने मुखवट्यावर पाकळ्या लावल्या. चार वाजले की तिथे डावीकडून समुद्राचं वारं सणसणत येतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण देवाच्या कौलात वाऱ्याचं नाव कोण घेणार? डावी पाकळी अशी उडाली की थेट सरपंचांच्या टोपीवर बसली. कोयते घरी गेले. दोन दिवसांनी साहेब आले, पायऱ्या शोधल्या, सापडल्या नाहीत, तेव्हा "हिरवळ छान राखली आहे" म्हणून निघून गेले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी दुपारचा असा घोरतो की कौलं सरकतात. पण त्या वर्षी एका दुपारी माश्यांनी झोपू दिलं नाही. पाहिलं तर आई मागच्या दाराने येत होती. केस ओले, कडेवर पिळलेल्या लुगड्यांचा पिळा. आमची विहीर तर पंधरा दिवसांपूर्वीच आटली होती.

"आये, तू न्हातंस खंय?"

"खंय म्हणजे? पाणकणसात. इहिरी आटल्यो काय गावातली सगळी बायलमाणसां थंयच न्हातत. तुमी बापये घोरतास तेव्हा." लुगडं दोरीवर टाकता टाकता ती थांबली. "दाजीच्या घरात बायलमाणूस नाय, बारा वर्सां झाली. तरी आमचो आडोसो रवाक व्हयो म्हणान पाण्यात उभो रवलो."

मी तसाच दाजीकडे गेलो. तो पडवीत एकटाच बसून, एका माणसापुरती पेज निववत होता.

"दाजी, ह्या आधी सांगूचा होता. कोणी कोयतो उचलल्यान नसतो."

त्याने वरही पाहिलं नाही.

"तुजी आवस थंय न्हाता, ह्या मी बारा बापयांत सांगू?"