मास्तरांची एक ओळ

"एक ओळ! फक्त एक ओळ लिहितो आणि सगळ्यांची वणवण संपली!" ऑफिसातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामरने, म्हणजे मास्तरांनी, छाती फुगवून जाहीर केलं.

प्रोजेक्टच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, एका फोल्डरात होत्या आणि दर वेळी त्याचा लांबलचक पत्ता टाइप करावा लागे. कमांड कुठे कुठे शोधायची, याची कॉम्प्युटरकडे एक यादी असते. त्या यादीत मास्तरांनी आपला फोल्डर घातला. नुसतं नाव टाकताच स्क्रिप्ट धावली! मग ओळ पुन्हा लिहून आपल्या मशीनवर कायमची घातली आणि लिनक्स, मॅक, विंडोजवाल्या साऱ्यांना वाटली.

"मास्तर, माझ्याकडे चालत नाही," नव्या टेस्टरबाई म्हणाल्या. "जुनी यादीच पुसली गेलीय बहुतेक."

"माझ्याकडे चालतंय ना? मग तुमचाच हात जड, बाई!"

एवढ्यावर थांबले असते तर! पण बाईंना मशीन जमत नाही, हे त्यांनी साहेबांच्याही कानावर घातलं. आणि बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा, ते शुक्रवारी ठरणार होतं.

शुक्रवारीच साहेबांसमोर डेमो, मीटिंगच्या खोलीतल्या मशीनवर. मास्तरांनी मोठ्या पडद्यावर ऐटीत स्क्रिप्टचं नाव टाकलं. "सापडत नाही." फोल्डरातल्या फाइली मागितल्या. "सापडत नाही." साधी तारीख विचारली, तीही सापडेना!

"हे मशीनच बिघडलंय, साहेब! माझं बघा!"

मास्तरांच्या मशीनवर चाललं. बाई हळूच म्हणाल्या, "कमांड टाइप करायची तुमची ही काळी खिडकी कधीपासून उघडी आहे?"

"तीन आठवडे झाले. मी बंदच करत नाही."

"एकदा बंद करून उघडा ना."

उघडली. "सापडत नाही."

मास्तरांचे कान तापले. खिडकी यादी वाचते ती उघडतानाच; जुनी खिडकी जुन्या यादीवर सुखाने जगत होती. वाटलेल्या ओळीत मात्र ते जुनी यादी जोडायलाच विसरले होते. बाईंनी दुरुस्त ओळ लिहिलेला आपला कागद पुढे केला. त्यात यादी शाबूत होती, शिवाय यादीतले पत्ते वेगळे करायला विंडोजसाठी अर्धविराम आणि बाकीच्यांसाठी अपूर्णविराम. पाच मिनिटांत सगळं सुरू!

"मग मास्तर, हात कुणाचा जड?" साहेबांनी विचारलं.

"माझा, साहेब. बाईंचं मी उगाच सांगितलं." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं होतं.

बाई कायम झाल्या. मास्तर आता रोज संध्याकाळी खिडकी बंद करतात. पण आधी मान वळवून, खालच्या आवाजात विचारतात, "बाई, करू ना?"