सर्वानुमते उघडे दार

घरांच्या कुलपांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या कंपनीत चौदा माणसं होती, आणि त्यांपैकी तेरा जणांनी केलेल्या चुका शोधायला एक तपासनीसबाई नेमलेल्या होत्या. अकरा वर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालली होती. तेरा जण चुका करत, बाई त्या शोधत, तेरा जण म्हणत, "आमच्याकडे तर नीट चालतंय," बाई पुन्हा करून दाखवत आणि शेवटी नाक मुरडत का होईना, चूक दुरुस्त होई. सर्वांच्या मनात एकमेकांविषयी माफक नाराजी होती आणि गिऱ्हाइकांची दारं नीट लागत होती.

एका सोमवारी टीमप्रमुख दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतले. त्यांनी सकाळच्या बैठकीला सगळ्यांना उभं केलं, कारण उभ्यानं घेतलेली बैठक पंधरा मिनिटांत संपते असं त्यांना शिकवण्यात आलं होतं. ती पावणेदोन तास चालली.

"आजपासून आपण अजाइल, म्हणजे चपळ झालो आहोत," त्यांनी जाहीर केलं. "टेस्टिंग हे एकट्यादुकट्याचं काम नाही. गुणवत्ता ही अख्ख्या टीमची जबाबदारी."

बाईंना मनापासून आनंद झाला. काम संपल्यावर माझ्या गळ्यात मारू नका, सुरुवातीपासून शेजारी बसा, हे सांगून सांगून त्यांचा घसा कोरडा पडला होता. त्या आनंदाच्या भरात त्यांनी सांगून टाकलं, की शुक्रवारी बाहेर पडणाऱ्या नव्या आवृत्तीत त्यांना एक दोष सापडलाय. मोबाइलवरचं 'बंद' हे बटण एकदा दाबलं की दार बंद होतं, आणि दोनदा दाबलं की बंद होऊन परत उघडतं.

"पण दोनदा कोण दाबतंय?" अकाउंटंटनं विचारलं.

"सगळेच. कुलूप लावल्यावर तुम्ही ओढून बघत नाही?"

अकाउंटंट स्वभावानं तीनदा ओढून बघणारा होता. तीनदा दाबल्यावर दार पुन्हा बंद होत असल्यानं त्याला यात काहीच वावगं दिसेना.

टीमप्रमुखांनी शांतपणे विचारलं, "हा दोष कुणाला सापडला?"

"मला."

"एकटीला?"

बाईंनी मान हलवली. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"मॅडम, हीच आपली जुनी सवय," टीमप्रमुख हळुवार आवाजात म्हणाले. "एकटीनं दोष शोधणं म्हणजे बाकीच्या तेरा जणांची संधी हिरावून घेणं. तो होता तिथे परत ठेवा. सगळ्यांना मिळून सापडू दे."

दोष होता तिथे परत ठेवण्यात आला. दुपारी बाईंचं टेबलही उचललं गेलं, कारण वेगळं टेबल ही सहकार्यातली भिंत होती. बाईंना 'सहकार्य-समन्वयक' हे पद मिळालं. त्या पदाला खुर्ची नव्हती.

बाईंच्या जिवाला घोर लागला होता तो घरच्या दारामुळे. कंपनीचं कुलूप प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी सक्तीनं बसवलेलं होतं. बाईंच्या सासऱ्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण अलीकडे ही बाब त्यांच्या लक्षात राहत नसे. दार उघडं दिसलं की ते पिशवी काखोटीला मारून ऑफिसला निघत. मागच्या खेपेस ते खरोखरच ऑफिसात पोचले, एका रिकाम्या खिडकीमागे बसले आणि तासाभरात त्यांनी तीन जणांचे अर्ज निकाली काढले. त्या वेगामुळेच तिथल्या लोकांना संशय आला आणि ते सापडले. सासूबाई रोज चार वाजता भाजीला जात, जाताना बाहेरून दार लावत, आणि बटण न चुकता दोनदा दाबत.

मंगळवारपासून सगळी टीम तपासू लागली. अकाउंटंटला बटणाचा निळा रंग उधळपट्टीचा वाटला. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमना कुलपाच्या आवाजात आपुलकी जाणवली नाही. विक्रीवाल्यानं तर दारालाच आक्षेप घेतला. बुधवार संध्याकाळपर्यंत तीनशे बारा दोष भिंतीवर चिकटले आणि भिंतीचा रंग दिसेनासा झाला. मूळ दोष मात्र एकाच माणसाला सापडला. वॉचमनकाका येता-जाता म्हणाले, "बाई, हे दोनदा दाबलं की उघडतंय की." पण काका दुसऱ्या एजन्सीचे असल्यामुळे 'अख्खी टीम' या संज्ञेत बसत नव्हते. त्यांचा दोष सन्मानपूर्वक परत करण्यात आला.

गुरुवारी बाईंनी प्रोग्रामरला गाठलं. हा मुलगा कानांवर हेडफोन चढवून बसे, म्हणून सगळे त्याला हेडफोनच म्हणत. बाईंनी स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसल्या आणि बटण दोनदा दाबून दाखवलं.

"अरेच्चा," हेडफोननं हेडफोन काढला. "ताई, हे तर दोन ओळींचं काम आहे. आधी का नाही शेजारी बसलात?"

"अकरा वर्षं तेच म्हणतेय."

दहा मिनिटांत दुरुस्ती झाली. दोघांनी मिळून केली, दोघं हसले, आणि बाईंना वाटलं, सहकार्य म्हणतात ते हेच. तेवढ्यात टीमप्रमुख मागे येऊन उभे राहिले.

"दोघांनीच केलं?" त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "याला गटबाजी म्हणतात."

दुरुस्ती पुसून टाकण्यात आली. मग चौदा जणांनी एका कीबोर्डभोवती जमायचं आणि वाट्याला आलेली दोन-दोन अक्षरं ज्यानं त्यानं दाबायची असं ठरलं. विक्रीवाल्याची अक्षरं बरोबर मधोमध होती आणि तो गिऱ्हाइकाकडे गेला होता. त्याच्याविना पुढे जाणं सर्वसमावेशक ठरलं नसतं. सगळे पाच वाजेपर्यंत थांबले आणि घरी गेले.

शुक्रवारी बारा वाजता, कुटुंब हीसुद्धा टीमच असल्यामुळे, नवी आवृत्ती आधी कर्मचाऱ्यांच्या घरच्या कुलपांत सोडण्यात आली. दोन वाजता अंतिम बैठक उभी राहिली. आवृत्ती चाळीस हजार गिऱ्हाइकांना पाठवायची का, यावर एकमत हवं होतं आणि एकमत होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही असा नियम होता.

तेरा हात वर झाले. हेडफोनचाही झाला, फक्त तो छताकडे बघत होता.

"मॅडम, आपला?"

"दार उघडं राहतंय," बाई म्हणाल्या.

"ठीक आहे. आपण थांबू. कुणालाच घाई नाही."

साडेतीन वाजले. घर अर्ध्या तासावर होतं. सासूबाईंचा फोन लागत नव्हता. आपला हात खाली ठेवला तर चाळीस हजार दारं वाचतात आणि आपलं जातं, हा हिशेब बाईंनी तीनदा करून बघितला. पावणेचारपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात वर केला, टाळ्या सुरू व्हायच्या आत पर्स उचलली आणि त्या पळत सुटल्या.

पोचायला सव्वाचार झाले. दाराला भलंमोठं पितळी कुलूप लटकत होतं. आतून सासऱ्यांचा करडा आवाज आला, "नेक्स्ट." बाई धापा टाकत पायरीवर बसल्या आणि त्यांना एकदम रडू आलं.

थोड्या वेळानं सासूबाई भाजी घेऊन जिना चढून आल्या.

"आई, मोबाइलनं नाही लावलंत दार?"

"लावणारच होते. पण दुपारी त्यात काहीतरी लांबलचक आलं आणि खाली 'मान्य' की 'अमान्य' विचारलं. बेचाळीस पानं होती. बसून वाचली."

"सगळी?"

"मग? हो म्हणायचं तर वाचायला नको? एकोणचाळिसाव्या पानावर लिहिलंय, 'मान्य' दाबणारा आमच्या टीमचा सदस्य समजला जाईल, हे कुलूप त्यानं स्वतः तपासलेलं आहे आणि दोष निघाल्यास तोही तितकाच जबाबदार राहील. म्हटलं, मी कशाला आ बैल मला मार करू? 'अमान्य' दाबलं. तर ते बंदच पडलं मेलं. मग माळ्यावरून हे कुलूप काढलं."

बाईंनी आपला मोबाइल उघडला. त्यांचं 'मान्य' बारा वाजून एका मिनिटानं नोंदलेलं होतं. बेचाळीस पानं त्यांच्यासमोर एकूण दोन सेकंद उघडी होती.

त्या संध्याकाळी पुष्कळ दारं उघडली. टीमप्रमुखांनी अहवालात लिहिलं, की टीम आता चौदा जणांची राहिली नसून चाळीस हजार चौदा जणांची झाली आहे, आणि सर्वांनी दोष एकत्रितपणे शोधून काढल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. एकट्या सासूबाईंना असहकाराबद्दल ताकीद देण्यात आली.

आपण त्या चाळीस हजारांत नाही, असं वाचकांना वाटत असेल. शक्य आहे. पण आपल्या मोबाइलमध्ये जितकी ॲप्स आहेत, तितक्या कंपन्यांच्या टेस्टिंग विभागात आपण आत्ता बिनपगारी नोकरीला आहात, आणि नेमणुकीच्या प्रत्येक पत्राला आपण स्वतःच्या अंगठ्यानं, न वाचता, होकार दिलेला आहे.