नानांची दुसरी आंघोळ

आमच्या आळीतला महादू पैलवान कुस्ती जिंकला, की नाना तांबट घरी येऊन आंघोळ करीत. सकाळची झालेली असली तरी. कुणी गेल्याची बातमी आल्यावर करतात तशी, मुकाट्याने. आळी म्हणे, "महादूने गडी लोळवला, अन् नानांना सुतक लागलं!"

नाना तांब्याची भांडी घडवीत आणि ठोक्याठोक्याला भविष्य सांगत. "पडणार. मांड कच्ची आहे." माती ओली असली तर ओली म्हणून पडणार, कोरडी असली तर कोरडी म्हणून.

मी त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून उलट बाजू लढवी. मी शाळामास्तर. आशा सोडून चौथीचा वर्ग शिकवता येत नाही.

"नाना, पोरगा वाघ आहे!"

"वाघालाही पाठ असते, मास्तर. अन् पाठ असली की तिला माती लागते."

इतकं ऐकूनही आखाड्यात निघताना महादू पाया पडे तो नानांच्या. नाना म्हणत, "पडशील. जरा जपून पड." महादू खुदकन हसे. मी "यशस्वी हो" म्हणालो, तर नुसतं "हो मास्तर." मत्सर वाईट, हे मी मुलांना दरवर्षी समजावतो. ते तांबट आळीत लागू पडत नाही.

त्या वर्षी जत्रेत निफाडच्या मल्लाशी जोड ठरली. जिंकल्यावर महादूला माझ्या हाताने बांधायचा म्हणून मी जरीचा फेटा घेतला. तेवढा एक दिवस तरी तो माझा असावा.

नदीकाठच्या आखाड्यात नाना नेहमीप्रमाणे कुस्तीकडे पाठ करून उभे राहिले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच महादू चीत झाला. खुर्चीत न मावणाऱ्या मामलेदारांनी विजयी मल्लाला हार घालून व्यायामावर भाषण केलं. आमची आळी "मी म्हणतच होतो" म्हणत पांगली. तसं म्हणायचा खरा हक्क ज्यांचा, ते नाना मात्र कुठे दिसेनात. महादूही दिसेना.

तो नानांच्या परसात सापडला. बंब धुमसत होता. दगडावर बसलेल्या महादूच्या पाठीवरून नाना ऊन पाणी सोडत होते. "माती ओली होती रे. तुझी मांड पक्कीच होती."

मी थक्क होऊन दारातच थांबलो. तांबटकाकू हळूच म्हणाल्या, "दर कुस्तीला सकाळपासून बंब पेटवतात. पोर हरून आलं तर अंग शेकायला हवं म्हणून. जिंकला की तो मिरवणुकीत जातो, इकडे कोण फिरकतंय? मग तापलेलं पाणी वाया नको म्हणून स्वतःच घेतात."

नानांनी मान वर न करता विचारलं, "मास्तर, पाठ पुसायला काही आहे का?"

मी कोटाखालचा फेटा काढला. निदान पुसू तरी मला देतील, असं वाटलं. पण नानांनी तो माझ्या हातातून घेतला आणि जर टोचू नये म्हणून काठ दुमडून, महादूची पाठ स्वतःच टिपली.