सासूबाईंचं निळं पाखरू

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घ्या. शब्दही साधेच आहेत. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून विटा भाजतो. (आणि घरजावई आहे. म्हणजे बोलायची सवयही कमीच.)

सासूबाईंच्या आजीचं मातीचं ताट भिंतीवर टांगलेलं असे. मधोमध निळं पाखरू, कडेला वेल. त्यात कुणी जेवायचं नाही, त्याच्याकडे बघून जेवायचं. संग्रहालयाचे साहेब गावात जुनी भांडी निवडायला येणार, हे कळल्यापासून सासूबाई जमिनीवरून चालतच नव्हत्या. आजीचं नाव पाटीवर लागणार होतं!

ताटाला केसाएवढी चीर होती. मला वाटलं, कच्ची वीट पुन्हा भाजली की पक्की होते, मग ताट का नाही? (हे सगळं आमच्या भट्टीच्या मालकांनीच शिकवलेलं. दोष निम्मा त्यांचा.) कुणाला न सांगता ताट भट्टीत ठेवलं.

चीर होती तशीच राहिली. पाखरू मात्र वितळून वेलीत गेलं. चोच कुठली, शेपूट कुठलं, देव जाणे. फडक्यात गुंडाळून मी ते फळीवर ठेवलं, साहेबांसाठी पुसून ठेवलंय असं सासूबाईंना म्हणालो आणि खरं काय ते बायकोला तेवढं सांगितलं.

"आता आई तुम्हाला टांगणार," ती म्हणाली. "तीच खुंटी आहे रिकामी."

साहेब आले. सासूबाईंनी फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा विटेसारखा झाला. नजर थेट माझ्यावर. त्या तोंड उघडणार, तोच साहेबांनी भिंग लावलं.

"वा! हे पाखरू नव्हे, पाखराची तडफड आहे! अस्सल ग्रामीण हात! घडवणारा कसा असेल सांगू? अडाणी, धांदरट, पण मनाचा भोळा."

"अगदी बरोबर," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "जेवतोही फार."

ताट निवडलं गेलं. पाटीवर आजीचं नाव नक्की झालं. जाता जाता साहेब म्हणाले, "याच हातच्या आणखी वस्तू असतील, तर काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो, तर सासूबाई दारात उभ्या. हातात आजीच्या फुलाफुलांच्या चार वाट्या.

"जावईबापू, त्या दिवशीसारखंच बिघडवा हं. नीट करायला जाल तर बघा!"

वाट्या घेऊन भट्टीवर गेलो. जाळ पाहिला, पण हात धजेना. शेवटी ताटाची सगळी हकिकत मालकांना सांगितली आणि मान खाली घालून विचारलं, "मालक, त्या दिवशी माझं नेमकं काय काय चुकलं होतं?"

मालकांनी टोपी काढली आणि शांतपणे बाकावर बसले.

"बस," म्हणाले. "वेळ लागेल."