उजव्या खोक्यातली बाई

आवाजातलं मला कळतं. जामनेरात एवढं दुसऱ्या कुणाला कळत नाही! एकोणनव्वद साली माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रमिलाचं, लग्न ठरलं तेव्हा हे मी छाती ठोकून सांगितलं होतं.

प्रमिलाने कधी काही मागितलं नाही. तेव्हा मात्र म्हणाली, "दादा, हळदीला गाणी पाहिजेत. मैत्रिणी येणार आहेत. मला पोटभर नाचायचंय. एकदा धुळ्याला सासरी गेले की कोण नाचू देतंय?"

मंडपवाला भोंगा देत होता. मी उडवून लावलं. "भोंगा? त्यावर माणूस गातोय की रेडा रेकतोय ते कळत नाही! माझ्या बहिणीच्या हळदीला स्टिरिओ वाजेल!" भोंगा दुसऱ्या लग्नाला गेला. परतीचे दोर मी स्वतःच कापले.

सावद्याचा केळीचा व्यापारी तोताराम जुना स्टिरिओ विकत होता. दोन उंच सागवानी खोकी, पुढे जाळीदार कापड. घेतला त्या दिवशी सावद्यात वीज नव्हती. पण मला विजेची काय गरज! टरबूज पाहतात तशी बोटाने टकटक केली. ठणठणीत! उचलला आणि आणला.

हळदीच्या आदल्या दिवशी सगळं घर गोळा करून कॅसेट घातली. द्वंद्वगीत होतं. बुवा लाडात विचारतो, "येशील का गं?" पुढे नुसता तबला. बुवा पुन्हा विचारतो. पुन्हा तबला.

आई म्हणाली, "काय रे, बाई कुठी गेली?"

"येईल. यंत्र तापू दे."

यंत्र तापलं, मी तापलो, बाई आली नाही. बुवा अख्खं गाणं एकटा विचारत राहिला. मोर्चातल्या माणसालासुद्धा कुणीतरी उत्तर देतं!

शेजारचे अभिमन आबा वीज मंडळातून रिटायर झालेले. ते न बोलावता आले. "अर्थिंग नाही!" त्यांनी अंगणात खड्डा खणायला लावला. मीठ ओतलं, कोळसा ओतला, तार पुरली. बाई गायली नाही. खड्ड्यात मात्र मांडवाला आलेले दोन पाहुणे पडले.

मग मी माझं डोकं वापरलं. दोन्ही खोक्यांच्या वायरी अदलाबदल केल्या. काय चमत्कार! बाई गायला लागली! पण बुवा गेला. आता बाई कुणीच न विचारता "येईन, येईन" म्हणत सुटली.

"हे तर जास्तच वाईट दिसतं," आई म्हणाली.

म्हणजे यंत्र ठीक, कॅसेट ठीक. रोग उजव्या खोक्यात. वायरी परत होत्या तशा लावल्या आणि उजव्या खोक्याची पाठ उघडली. आत सरकीसकट कोंबलेला कापूस, त्यात उंदराची पाच पिल्लं, आणि वजन बरोबर भरावं म्हणून एक वीट! स्पीकरच्या जागी गोल भोक.

प्रमिला आत जाऊन मैत्रिणींसाठी आणलेल्या बांगड्या परत डब्यात भरू लागली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

हळदीच्या सकाळी पहिल्या बसने सावदा गाठलं. आई ओरडत राहिली, "आज नवरीचा भाऊ घरी नको का रे?" तोताराम केळीचे घड मोजत होता. तोंडावर लाज नाही!

"भो, फसवलं कशाले म्हणता? तुमी लाकूड पायलं, पॉलिश पायलं. आत काय हाये ते विचारलं का?"

"जोडीत स्पीकर दोन असतात, हे विचारायचं असतं?"

"आमची वाटणी झाली ना! खोकी मले आली. आतले स्पीकर दोघा भावायले एकेक. पंचायनं न्याय केला."

न्याय! आमच्याकडे ज्याचं त्याच्या घरातलं कुत्रं ऐकत नाही, तो दुसऱ्याच्या वाटणीत पंच होतो. या पंचांसमोर चष्मा आला असता तर त्यांनी एकेका भावाला एकेक काच दिली असती!

दुसरा भाऊ चुडामण, पाचोऱ्यात. उन्हात बस बदलत तिथे पोचलो. हात जोडले, पायही धरले. तो म्हणाला, "तोतारामच्या यंत्राले माहा स्पीकर लागणार नाही!"

"यंत्र आता माझं आहे हो!"

खूप वेळाने पाघळला. पण स्पीकर माझ्या हातात देईना. नवरीसारखा धोतरात गुंडाळून मांडीवर घेतला आणि माझ्याबरोबर निघाला. पाचोरा-जामनेरची ती छोटी गाडी! शेतातली म्हैस आमच्या पुढे निघून गेली. तिकडे हळद लागून गेली असणार, प्रमिला कोपऱ्यात बसून रडत असणार. मला गाडीखाली जीव द्यावासा वाटला, पण त्या वेगाने जीव गेलाही नसता.

गल्लीच्या तोंडाशीच कल्ला ऐकू आला. मांडवात डावं खोकं एकटं वाजत होतं. बुवा विचारत होता, "येशील का गं?" आणि वीस पोरी एका सुरात ओरडत होत्या, "आधी भांडी कोण घासंल ते सांग!" बुवा परत विचारी. आई पदर खोचून पुढे झाली, "मेल्या, हुंडा परत कर, मग विचार!" हशाने मांडव हलत होता. प्रमिला नखशिखांत पिवळी होऊन वेड्यासारखी नाचत होती.

"थांबा! थांबा!" मी धावलो. "बाई आणली!"

कॅसेट बंद केली, स्पीकर खोक्यात बसवला, वायर जोडली, कॅसेट चालू. बुवाने विचारलं आणि उजव्या खोक्यातून मधासारखा आवाज आला, "येईन, येईन..." स्वच्छ! खणखणीत! काय तो स्टिरिओ!

पोरींची तोंडं मिटली. एक म्हणाली, "किती गोड गाते ना," आणि खाली बसली. मग दुसरी बसली. आईने खोचलेला पदर सोडला. मांडवात उभे आम्ही दोघंच, मी आणि चुडामण.

प्रमिला पिवळ्या हातांनी माझ्याजवळ आली. "दादा, हे कुठून आणलंस?"

"पाचोऱ्याहून!" मी अभिमानाने म्हणालो.

"मग पाचोऱ्यालाच नेऊन ठेव. काढ ते!"

मी स्वतःच्या हाताने वायर उपटली. बाई गेली आणि पोरी किंकाळ्या फोडत उठल्या. चुडामण माझ्याकडे पाहत राहिला. "भो, मंग मले आणलं तरी कशाले?"

मी त्याला जेवायला वाढलं. दुसरं काय करणार!