हकीकत रेवस बंदरच्या बॅनरची

श्रीगजाननास वंदन, एकवीरा आईस दंडवत आणि कचेरीच्या एसीस नमस्कार करून ही हकीकत लिहावयास घेतली. लिहिणार पगारी चाकर. ज्याचे मीठ खावे त्याची कीर्ती फुगवून सांगावी हाच आमचा धंदा, त्यासच हल्ली पीआर म्हणतात. परंतु या प्रकरणी जे घडले ते तैसेच लिहिले आहे, कारण फुगविण्यास जागाच उरली नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख मास, लग्नसराई ऐन भरात असता, राजमान्य राजश्री निकेतराव दत्तात्रेय घरत, 'दवंडी' ॲपचे संस्थापक, यांजवर जो प्रसंग गुदरला त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

निकेतराव मूळचे रेवसेनजीक मौजे खारवडीचे. आजे-पणजे मिठागरात राबले, तीर्थरूप दत्तात्रेयबापूंनी ट्रक चालविले, आणि खुद्द निकेतराव नवी मुंबईत काचेच्या इमारतीत बसून लोकांची नावे गाजवू लागले. दवंडीचा महिमा ऐसा की, कोणा बिल्डरास समाजसेवक करावे, कोणा दंतवैद्यास देवमाणूस करावे, आणि ज्याचा पुतण्याही त्यास ओळखत नाही त्यास लोकप्रिय करावे. स्वतः निकेतरावांचे मागे वीस लाख फॉलोअरांची फौज; ते शिंकले तरी रील होई आणि खाली हजारो जण प्रेरणा मिळाली म्हणून लिहीत. या भरात त्यांनी मुंबईचे मातबर भांडवलदार जिग्नेशशेठ, ज्यांजकडून दवंडीस भांडवल हवे होते, त्यांस सांगून टाकिले की, आमच्या गावी आमच्या शब्दावाचून पान हलत नाही. शेठ म्हणाले, बहुत उत्तम; तर मग तुमच्या बहिणीच्या हळदीस येतो आणि पान हलते की कसे ते पाहतो.

मग काय, स्वारी हळदीचे आदले दिवशी भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसली, आणि रेवस बंदरी पाय ठेविते तोच समोर बॅनर पाहून जागीच थबकली. बॅनर ऐसपैस. मध्यभागी भगिनी चि. सौ. कां. प्राप्ती आणि नवरदेव, भोवती शुभेच्छुकांच्या तसबिरी. वरच्या ओळीत आत्याबाई, बापू, मामा, सरपंच, आणि या सर्वांहून दुप्पट आकाराचा, गळ्यात हार, शिंगास गोंडे, ऐसा चुलतभाऊ परेशचा शर्यतीचा बैल, मैदानाचा बादशहा कप्तान. आणि निकेतराव? ते अगदी तळाच्या ओळीत, डीजेवाला आणि मंडपवाला यांच्या मध्ये, बरोबर कप्तानाच्या खुराखाली, आणि तेही दहावीच्या हॉलतिकिटावरील तसबिरीत, जीत मिसरूड फुटावे की न फुटावे या विचारात होते. वीस लाखांच्या मोबाइलात ज्याचा चेहरा, त्याची नवी तसबीर गावात कोणापाशी नव्हती.

उदईक सायंकाळी शेठ याच बंदरी उतरणार, आणि उतरताच धनी बैलाखाली आहे हे पाहणार! निकेतरावांचे तोंडचे पाणी पळाले. त्यांनी परेशास विचारिले, तो परेश हसून म्हणाला की, बॅनर आत्याबाईंनी लावविला, आपल्या हाती काही नाही. आत्याबाई म्हणजे सोनूबाई; घरात लग्नाची तारीख भटजी काढीत, परंतु कोणी कोठे बसावे, कोणी कधी जेवावे आणि कोणी बॅनरवर कोठे असावे याचा अखेरचा हुकूम त्यांचा. त्यांजपुढे जाऊन जागा मागावी, तर इभ्रत जाते. सबब निकेतरावांनी लढाईचा मनसुबा केला.

प्रथम कचेरीत रचनाबाई, ज्या आमच्या तोफखान्याच्या मुख्य, त्यांस फोन गेला आणि 'मातीचा माणूस निकेत' या नावाने मोहीम उघडिली. रील निघाले, स्टोऱ्या निघाल्या, दिल्लीपासून दुबईपर्यंत लोकांनी हृदये पाठविली. खारवडीत मात्र ज्या दोघांनी लाइक केले त्यांतील एकाचा अंगठा चुकून लागला होता, आणि दुसरा खुद्द मंडपवाला, ज्याचे बिल बाकी होते. त्याच दुपारी परेशने कप्तान पाणी पितो इतुकेच दाखविले, तो सारा तालुका लोटला. कोणी लिहिले राजा, कोणी लिहिले काळीज, आणि पार काशीदच्या एका म्हातारबांनी प्रकृती जपण्यास बजाविले. निकेतरावांनी हे पाहिले आणि फोन उशीखाली ठेविला.

मग दुसरी मसलत. ज्या सुजितने बॅनर छापिला त्यास गाठून निकेतरावांनी नव्या बॅनरची फर्माईश केली. हुकूम ऐसा की, आमची सुटातील तसबीर वरच्या ओळीत, ठसठशीत, बैल खाली, बाकी जमेल तैसे बसवावे. सुजित म्हणाला, भाऊ, जागा कोठून आणू? तेव्हा फर्मावले की, ती तुझी अडचण. नमुना रचनाबाईंकडे गेला, त्यांनी तपासिला, आम्हीही तपासिला, आणि सर्वांनी धन्याचा चेहरा तेवढा निरखून मंजुरीचा शेरा मारिला. हळदीचे दिवशी सकाळी जुना बॅनर उतरला आणि नवा चढला. निकेतराव खाली उभे राहून पाहतात तो आपण सूर्यासारखे वर तळपत आहो. बहुत संतोष पावले.

संतोष दुपारपावेतो टिकला. बैल खाली घातला ही खबर गावात पसरताच डीजेवाला म्हणाला स्पीकर जोडणार नाही, पोरांनी मंडपाचे काम टाकिले, आणि परेश कप्तानास घेऊन गोठ्यात जाऊन बसला, हे सर्वांत वाईट. तथापि खरा घाव पुढेच होता. कोणीतरी बॅनरचा फोटो नवरीस दाखविला. प्राप्ती हिरवा चुडा भरून बसली होती. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि कोपऱ्यात सुपारीएवढी स्वतःस शोधून काढिली. नवरदेव तर अर्धाच उरला होता. निकेतराव दारात आले तेव्हा तिने फोन त्यांजपुढे धरिला.

"दादा, लगीन माझं हाय ना?"

निकेतरावांस आपली लाज वाटली, आणि ती कोणत्याही निवेदनाने निघणारी नव्हती. ते थेट ओटीवर गेले, जेथे सोनूबाई पाहुण्यांसाठी विड्यांची ताटे लावीत होत्या, आणि खाली मान घालून उभे राहिले. आत्याबाईंनी पान पुसले, चुना लाविला, मग विचारिले, तुला बैलाचा एवढा राग कशापायी? निकेतरावांनी अखेर मनातले काढिले की, तुम्ही बैलास वर घेता आणि भाच्यास खाली.

"अरं, त्यो शर्यतीला निघाला की दर येलंला माझ्या दाराशी येतंय, ववाळून घेतंय न मगच जातंय," सोनूबाई म्हणाल्या. "तू कवा आयलास?"

निकेतरावांनी आठविले. गतवर्षी गणपतीत त्यांनी व्हिडिओ कॉल लाविला होता, तोही प्रायोजित. सबब तह जाहला. तहाची कलमे आत्याबाईंनी विडा बांधता बांधता सांगितली: जुना बॅनर निकेतने स्वतःच्या हाताने लावावा, परेशची समजूत काढावी, आणि कप्तानास हळदीच्या मंडपात आणताना कासरा निकेतने धरावा. रचनाबाईंनी फोनवरून सुचविले की, याचे रील उत्तम होईल. धन्याने प्रथमच त्यांस नकार दिला.

येणेप्रमाणे दिवस कलता निकेतराव रेवस बंदरी शिडीवर चढले, घामाने निथळत बांबूस सुतळी बांधू लागले, आणि त्याच घटकेस धक्क्यास लाँच लागली. खाली पाहतात तो जिग्नेशशेठ! उडी मारावी तर पाय मोडतो, राहावे तर आबरू जाते. मग त्यांनी हॉलतिकिटावरील आपल्याच मुखामागे आपले मुख लपविले. परंतु समुद्र त्या दिवशी खवळला होता. शेठ दोघांच्या खांद्यावर हात टाकून, डोळे गच्च मिटून, लिंबूसोडा लिंबूसोडा म्हणत बॅनरखालून गेले. ज्याकरिता एवढा रणसंग्राम, त्याने मान वर करून पाहिले नाही. पुढे त्यांनी भांडवल दिले की न दिले, तो मजकूर या हकीकतीचा नव्हे.

रात्री हळद लागली. धवलारणींनी लग्नविधीची गाणी म्हटली, स्पीकर जोडले गेले, परेश हसला, आणि निकेतराव कासरा धरून कप्तानास मंडपात घेऊन आले. कप्तानाने त्यांचा पाय एकदाच तुडविला, तो त्यांनी सोसला. प्राप्तीने प्रथम बैलाच्या कपाळास हळद लाविली, मग दादाच्या कासरा धरिलेल्या उजव्या हातास, पार मनगटापावेतो, चांगली चोळून. तेव्हा निकेतरावांचे डोळे भरून आले, त्याचा दोष त्यांनी डीजेच्या धुरास दिला.

लग्न पार पडल्यावर आत्याबाईंच्या हुकुमाने रेवस बंदरी आभाराचा बॅनर लागला. निकेतराव तळाच्या ओळीतच होते, मिसरूडासकट. परंतु वरच्या ओळीत कप्तानाची हळदीतील नवी तसबीर आली, आणि सुजितने कापाकापी केली तरी कासऱ्याच्या टोकाशी एक हात शिल्लक राहिला. प्राप्तीने श्रीवर्धनाहून, सासरहून, तो भाग मोठा करून पाठविला आणि खाली लिहिले, वरचा हात तुझा ना रे? हळद दिसते. निकेतरावांनी उत्तर धाडिले, व्हय. तो फोटो वीस लाख फौजेस दाखविला नाही.

सदर मोहिमेत स्वारीचा उजवा हात मनगटापावेतो वरच्या ओळीत कायम जाहला, ही फत्ते चाकराने डोळ्यांनी पाहून रुजू केली. उर्वरित देह आत्याबाईंच्या मर्जीवर आहे.